सुंभ वितळताना पिळाचे काय होते?

किनवटच्या बाजारात आमचे दोरखंडाचे दुकान आहे. वडिलांच्या वेळी तिथे अंबाडीच्या वाखाचे कासरे, दावी, वेसणी आणि विहिरीचे सोल टांगलेले असत. मी शाळेत होतो तेव्हा त्यांच्या शेजारी हिरवे, निळे, चकचकीत दोर येऊन बसले. त्यांना सगळेच नायलॉन म्हणत. बिलावर नायलॉन, गिऱ्हाइकाच्या तोंडी नायलॉन आणि वडिलांच्या तोंडीही नायलॉनच.

वाखाच्या दोराचे टोक उसवू नये म्हणून वडील गाठ मारत. नव्या दोराचे टोक मात्र ते रॉकेलच्या चिमणीवर धरत. टोक वितळून त्याचा मणी होई, वडील ओल्या बोटांनी तो दाबत आणि बघता बघता तो खड्यासारखा टणक होई. एकदा मी वाखाचा तुकडा चिमणीवर धरला. तो वितळला नाही, जळाला, आणि राखेतही त्याचा पीळ तसाच दिसत होता. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिली. मग वितळलेल्या दोराच्या पिळाचे काय होते? वडिलांना विचारले तर ते म्हणाले, ‘तो गेला विरघळून. तू आधी गिऱ्हाईक बघ.’

गिऱ्हाईक बघता बघता माझी पन्नाशी उलटली. शिक्षण बारावीला थांबले. पुढचे सगळे विश्वकोशाच्या खंडांतून, जुन्या पुस्तकांतून आणि अलीकडे मोबाइलवर मिळणाऱ्या शोधनिबंधांतून, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. चिमणीवरच्या त्या मण्याचा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांनी शंभर वर्षे विचारला आहे आणि त्याच्या उत्तरातला एक तुकडा आपल्या पुण्यात सापडला आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या शोधाची ही हकीकत. पण तिच्याकडे मी कुतूहलापोटी वळलो नाही. एका तुटलेल्या दोरामुळे वळलो.

बोअरमध्ये पडलेली मोटार

आमच्या भागात बोअरची मोटार दोराला बांधून खाली सोडतात. मोटारीचे ओझे पाइपावर आणि दोरावर असते आणि दोराचे वरचे टोक वर्षानुवर्षे उन्हात राहते. एका उन्हाळ्यात ओळखीचा एक शेतकरी दोराचा तुकडा हातात घेऊन दुकानात आला. पाइप निसटला, दोर तुटला आणि मोटार बोअरमध्ये गेली होती. तुटलेले टोक त्याने माझ्यासमोर बोटांनी चुरगाळले. त्याचा अक्षरशः भुगा झाला. ‘काका म्हणाले होते नायलॉन हाय, जन्मभर तुटत नाय,’ एवढेच तो बोलला. वडील गप्प बसले. त्याला नवा दोर दिला, पैसे घेतले नाहीत. तो तुकडा मात्र त्यांनी गल्ल्याच्या खणात ठेवला आणि ते गेल्यावरही तो तिथेच राहिला.

दुसरी गोष्ट पैनगंगेवरच्या एका म्हाताऱ्या भोयाची. जाळ्यासाठी दोर निवडताना तो म्हणाला, ‘मालक, ही दोरी पाण्यावर तरंगती अन् ही बुडती. तुमी दोन्हीला नायलॉनच म्हन्ता.’ मी ते हसण्यावारी नेले. पुढे एका पुस्तकात वाचले की नायलॉनची घनता पाण्यापेक्षा जास्त, सुमारे १.१४ असते, पॉलिप्रॉपिलीनची पाण्याहून कमी, सुमारे ०.९. म्हणजे नायलॉन बुडायला हवे. त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी बादलीत एकेक दोर टाकून पाहिला. आमच्याकडचे बहुतेक ‘नायलॉन’ तरंगत होते.

बादलीने शंका दिली. खात्री करायची तर दोराच्या रेणूलाच विचारायला हवे होते.

लांब रेणू, अर्धवट स्फटिक

दोर नायलॉनचा असो, पॉलिप्रॉपिलीनचा असो की अंबाडीचा, तो बहुवारिकाचा म्हणजे पॉलिमरचा बनलेला असतो. एकच लहान घटक हजारो वेळा जोडून झालेली साखळी म्हणजे बहुवारिक. असे अजस्र रेणू खरोखर असतात, हे जर्मन रसायनज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२०मध्ये मांडले तेव्हा पुष्कळांना ते पटले नव्हते. १९५३मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

मिठाचा दाणा हा संपूर्ण स्फटिक आहे. त्यातले कण कवायतीसारखे रांगेत उभे असतात. लांब साखळीला अशी शिस्त पूर्णपणे पाळता येत नाही. वितळलेल्या अवस्थेत साखळ्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना काही भाग सरळ होऊन शेजारच्यांशी समांतर बसतो, तो स्फटिक; उरलेला तसाच गुंत्यात राहतो. म्हणून दोराच्या धाग्यात शिस्त आणि गुंता शेजारी शेजारी नांदतात. शिस्तीमुळे ताकद येते आणि गुंत्यामुळे लवचिकपणा. अंबाडीतल्या सेल्युलोजची साखळी वितळण्याआधीच मोडते, म्हणून वाख जळतो. पॉलिएथिलीन, म्हणजे आपल्या पिशव्यांचे पॉलिथीन, प्रकारानुसार साधारण ११० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळते, पॉलिप्रॉपिलीन १६५च्या आसपास, नायलॉन-६ हे २२०ला आणि नायलॉन-६,६ हे २६०च्या वर.

वितळताना किती उष्णता लागली ते उष्णतामापक सांगतो. रांगा मोडल्या का ते क्ष-किरण सांगतात. पण साखळीतल्या कोणत्या दुव्याने आधी मान टाकली आणि कोणी शेवटपर्यंत धरून ठेवले, हे ऐकायला अवरक्त किरण लागतात.

तांबड्याच्या पलीकडे

१८००मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये लोलकातून सूर्याचा प्रकाश पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवला. कोणता रंग किती तापवतो हे त्याला पाहायचे होते. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. शेकोटीतले निखारे राखेने झाकले तरी समोरच्याच्या तोंडावर धग येते, ती बऱ्याच अंशी याच न दिसणाऱ्या किरणांची.

दोन अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा हलतो. प्रत्येक बंधाचा हलण्याचा वेग ठरलेला असतो आणि त्या वेगाशी जुळणारा अवरक्त किरण तो शोषून घेतो. कोणते किरण आरपार गेले आणि कोणते अडले याची नोंद केली की वर्णपट मिळतो आणि त्यातल्या प्रत्येक दरीचे कारण एखादा बंध असतो. या किरणांना तरंगांकाने ओळखतात. तरंगांक म्हणजे एका सेंटिमीटरात त्या किरणाच्या किती लाटा मावतात तो आकडा. नायट्रोजन-हायड्रोजन बंध ३३००च्या सुमारास अडवतो, कार्बन-हायड्रोजन २८५० ते २९५०च्या दरम्यान.

अमेरिकेत विल्यम कोब्लेंझ यांनी १९०५मध्ये पुष्कळ पदार्थांचे असे वर्णपट मोठ्या चिकाटीने प्रसिद्ध केले. काच हे किरण बरेचसे अडवते, म्हणून लोलक सैंधवाचा लागे आणि सैंधवाला दमट हवा सोसत नाही. अशा यंत्राचे पावसाळ्यात काय होत असेल, हे मिठाची बरणी झाकणाऱ्या कोणालाही कळेल. दुसऱ्या महायुद्धात कृत्रिम रबराच्या कारखान्यांना हायड्रोकार्बनची झटपट पारख हवी होती, तेव्हा १९४२मध्ये बेकमन कंपनीचे पहिले अवरक्त यंत्र आले आणि मूठभर भौतिकशास्त्रज्ञांचे हे कसब रसायनज्ञांच्या टेबलावर पोचले.

खणातला तुकडा बोलतो

आता पुन्हा दुकानाकडे. नांदेडला एका महाविद्यालयात असे यंत्र आहे, असे कळले. तिथल्या एका सरांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि एका दुपारी मला बोलावले. मी चार पुड्या घेऊन गेलो: दुकानातला नवा ‘नायलॉन’ दोर, त्याच दोराचा वितळवलेला मणी, भोयाच्या बुडणाऱ्या जाळ्याचा धागा आणि गल्ल्यातला तो तुकडा.

आजच्या यंत्रात सैंधव नसते. एका छोट्या हिऱ्यावर नमुना दाबायचा, मिनिटाभरात पडद्यावर रेघ उमटते. जाळ्याच्या धाग्याने ३३००ला ठसठशीत दरी दाखवली, १६४० आणि १५४०ला आणखी दोन. या तिन्ही अमाइड गटाच्या, म्हणजे नायलॉनच्या खुणा. दुकानातल्या दोराची रेघ ३३००ला सपाट होती, १६४० आणि १५४०लाही सपाट. त्याच्या खुणा वेगळ्या होत्या: १३७६, ९९८, ९७३, ८४१. सर म्हणाले, ‘हे पॉलिप्रॉपिलीन. यात नायट्रोजनचा अणूच नाही.’

तीसेक वर्षे आम्ही नायलॉन म्हणून जे विकले, त्याचा बराचसा भाग नायलॉन नव्हता. वडिलांना हे माहीत नव्हते, याची मला खात्री आहे. घाऊक बाजारातून बिलावर जे नाव आले तेच त्यांनी पुढे सांगितले. तरी त्या शेतकऱ्याला दिलेला शब्द त्यांचा होता आणि दुकान आता माझे आहे.

गल्ल्यातल्या तुकड्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या रेघेवर १७१५च्या आसपास एक रुंद खळगा होता, नव्या दोरात तो नव्हता. ती कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाची, म्हणजे उन्हाने आणि हवेने साखळी तुटल्याची खूण. ऑक्सिजन घट्ट स्फटिकात सहज शिरत नाही, तो गुंत्याच्या भागात शिरतो. एका स्फटिकातून निघून गुंता ओलांडून दुसऱ्या स्फटिकात जाणाऱ्या साखळ्या दोराचे सगळे ओझे पेलत असतात. ऊन नेमक्या त्याच कापते. स्फटिक शाबूत राहतात, त्यांना बांधणारे धागे जातात आणि दोराचा भुगा होतो. ऊन सोसण्यासाठी योग्य मिश्रण घातलेले पॉलिप्रॉपिलीन बराच काळ टिकते. या दोराने टिकाव धरला नव्हता.

नवा दोर आणि त्याचा मणी यांच्या रेघा सरांनी एकमेकींवर ठेवून दाखवल्या. ९७३च्या तुलनेत ९९८ची दरी मण्यात थोडी उथळ होती. पॉलिप्रॉपिलीनची साखळी स्फटिकात मळसूत्रासारखी वळसे घेत बसते. इटलीत जुलिओ नात्ता यांनी १९५४मध्ये अशी नियमित साखळी घडवली आणि तिचे मळसूत्र उलगडले. १९६३मध्ये कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले. ९७३ची दरी मळसूत्राचे चारपाच घटक ओळीत असले तरी दिसते, ९९८ आणि ८४१ला मात्र दहाबारा घटकांचे सलग वळसे लागतात. बहुवारिक वितळले की लांब वळशांच्या दऱ्या जवळजवळ बुजतात, ९७३ बरीचशी उरते. म्हणजे पीळ एकदम जात नाही. आधी लांब पीळ मोडतो, तोकडे वळसे मागे राहतात. सरांनी लगेच सावधही केले: धागा ओढून ताणलेला असतो, त्या ताणानेही दऱ्यांची खोली बदलते. तेव्हा एका मण्यावरून स्फटिकाचे प्रमाण सांगायचे नाही.

निऱ्या की टेलिफोनच्या तारा?

नांदेडहून परतताना माझा जुना प्रश्न पुन्हा वर आला. साखळ्या वितळताना आणि गोठताना नेमके काय करतात? या प्रश्नाची कथा पॉलिथीनपासून सुरू होते.

पॉलिथीन १९३३मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना अपघाताने सापडले. १९३९मध्ये त्याच कंपनीच्या चार्ल्स बन यांनी क्ष-किरणांनी त्याच्या स्फटिकाची रचना सोडवली: सगळ्यांत लहान घरात दोन साखळ्या, एकमेकींशी तिरक्या. पुढच्याच वर्षी फॉक्स आणि मार्टिन यांना अवरक्त वर्णपटात हिशोबापेक्षा जास्त मेथिल गट दिसले. मेथिल गट साखळीच्या टोकाला असतो. टोके जास्त म्हणजे साखळीला फांद्या आहेत. फांद्या स्फटिकात नीट बसत नाहीत, म्हणून फांद्यांचे पॉलिथीन मऊ असते आणि लवकर वितळते. पिशवीचे पॉलिथीन आणि घागरीचे पॉलिथीन यांतला फरक हाच.

घरात दोन साखळ्या असल्याचा परिणाम वर्णपटातही उमटतो. पॉलिथीनचे कार्बन-हायड्रोजन गट डुलतात त्याची दरी ७२०ला असते. स्फटिकात मात्र ७२० आणि ७३० अशा दोन दऱ्या दिसतात. शेजारच्या दोन साखळ्या एकाच लयीत डुलल्या तर एक वेग, उलट्या लयीत डुलल्या तर दुसरा. १९५०च्या दशकात रिचर्ड स्टाइन आणि गॉर्डन सदरलँड यांनी ही जोडी समजावून सांगितली आणि मिशिगन विद्यापीठात सॅम्युएल क्रिम यांनी हा विषय पुढे नेला. पॉलिथीनची पातळ फिल्म छोट्या भट्टीत ठेवून तापवत न्यावी. ७३०ची दरी उथळ होत जाते आणि वितळल्यावर नाहीशी होते, ७२०ची एकटी उरते. थंड केले की ७३० परत येते. शेजाऱ्याची लय लागली की स्फटिक झाला, सुटली की वितळला.

या जोडीने पुढे एक मोठा वाद तोलला. १९५७मध्ये ब्रिस्टलमध्ये अँड्र्यू केलर यांनी पॉलिथीनचे विरळ द्रावण थंड करून पातळ, चौकोनी स्फटिक मिळवले. त्याच वर्षी टिल आणि फिशर यांनीही स्वतंत्रपणे तेच केले. स्फटिकाची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, साखळ्या त्यात उभ्या आणि एकेका साखळीची लांबी त्या जाडीच्या कितीतरी पट. केलर म्हणाले, साखळी नेसत्या लुगड्याच्या निऱ्यांसारखी मागेपुढे दुमडून बसत असली पाहिजे. पॉल फ्लोरी यांना हे मान्य नव्हते. १९६२मध्ये त्यांनी मांडले की बाहेर पडलेली साखळी शेजारीच परत शिरेल असे नाही. ती जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या तारांसारखी कुठेही शिरते.

निऱ्या की तारा, हे कसे ठरवायचे? १९६०च्या दशकाच्या अखेरीस क्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली. काही साखळ्यांत हायड्रोजनऐवजी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम घातला. जड गट वेगळ्या वेगाने डुलतो, त्यामुळे साध्या आणि जड शेजाऱ्यांची लय जुळत नाही. आता मोजक्या जड साखळ्या साध्या साखळ्यांत मिसळून स्फटिक करायचा. जड साखळी शेजारीच दुमडत असेल तर तिचा शेजारी तिचाच भाग असेल, लय जुळेल आणि दरीची जोडी दिसेल. ती दूर भटकत असेल तर जोडी मोडेल. द्रावणातून वाढलेल्या स्फटिकांत जोडी दिसली. वितळलेल्या पदार्थापासून झालेल्या स्फटिकांत शिस्त तितकी नव्हती. १९७९मध्ये केंब्रिजला फॅरडे परिषदेत या वादावर जोरदार चर्चा झाली. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी काही अंशी खरे मानावे लागले: सावकाश द्रावणातून आलेल्या साखळीला निऱ्या घालायला सवड मिळते, चिमणीवरच्या मण्यासारखी घाईत गोठणारी साखळी जिथे जागा मिळेल तिथे शिरते.

घाईत गोठणे बघायचे तर यंत्रही घाईचे हवे. जुन्या यंत्राला एक वर्णपट काढायला कित्येक मिनिटे लागत. तोवर मणी केव्हाच गोठलेला असे. मायकेल्सन यांचा व्यतिकरणमापक एकोणिसाव्या शतकापासून होता. तो सगळे तरंगांक एकदम मोजतो, पण त्यातून वर्णपट काढायला प्रचंड आकडेमोड लागते. १९६५मध्ये कूली आणि ट्युकी यांनी ती झटपट करण्याची रीत दिली आणि १९६९च्या सुमारास अशी यंत्रे बाजारात आली. आता एका सेकंदात वर्णपट मिळतो आणि स्फटिक वाढत असताना त्याची दरी खोल होताना पाहता येते.

ब्रिस्टल ते पुणे

उरला खरा नायलॉन. अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने नायलॉन-६,६ पहिल्यांदा बनवले ते २८ फेब्रुवारी १९३५ रोजी. नायलॉनच्या साखळीवर ठरावीक अंतराने अमाइड गट असतात. एका साखळीचा नायट्रोजन-हायड्रोजन शेजारच्या साखळीच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरतो. हात धरून उभ्या असलेल्या माणसांच्या रांगेसारखे हे चित्र आहे. म्हणून नायलॉन वितळायला इतके तापवावे लागते.

१९४२मध्ये जर्मनीत रुडोल्फ ब्रिल यांनी नायलॉन-६,६ तापवताना क्ष-किरणांनी पाहिले, तेव्हा वितळण्याच्या खूप आधी काहीतरी बदलले. थंड असताना साखळ्यांमधली अंतरे दोन वेगवेगळी असतात. तापवत गेले की ती एकमेकांजवळ येतात आणि एका तापमानाला एक होतात. यालाच आज ब्रिल संक्रमण म्हणतात. पण त्या क्षणी हातांचे काय होते? एक मत असे की जुने हात सुटतात आणि वेगळ्या दिशेच्या शेजाऱ्यांचे धरले जातात. दुसरे मत, हात धरलेलेच राहतात, मधल्या कार्बनच्या साखळ्या तेवढ्या चळवळू लागतात. क्ष-किरणांना रांगा दिसतात, धरलेले हात वेगळे ऐकू येत नाहीत.

इथे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कथेत येते. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक होते जॉर्ज फिंच, १९२२च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायू घेऊन चढलेले गिर्यारोहक. पाषाण रस्त्यावरच्या या संस्थेत बहुवारिकांवर दीर्घ काळ काम झाले. तिथले संशोधक सी. रमेश यांनी ब्रिस्टलमध्ये त्याच केलर यांच्यासोबत नायलॉन-६,६चे गोठणे आणि वितळणे अभ्यासले होते. केलर आणि एल्टिंक यांच्यासह त्यांचा निबंध १९९४मध्ये आला. ब्रिल संक्रमण कोणत्या तापमानाला होईल, हे स्फटिक कोणत्या तापमानाला घडला यावर अवलंबून असते, हा त्याचा विषय. मण्याला आपला जन्म आठवतो, असे मी ते माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. १९९९मध्ये रमेश यांनी पुण्यातून आणखी काही नायलॉनांचा उच्च तापमानातला क्ष-किरण अभ्यास प्रसिद्ध केला.

अवरक्त किरणांनी हातांची गोष्ट ऐकण्याचे काम अनेकांनी केले. वसंतन, मूर्ती आणि ब्रे यांनी १९९८मध्ये नायलॉन-६ आणि ६,६मधले ब्रिल संक्रमण अवरक्त वर्णपटात शोधले. २००३मध्ये जपानच्या योको योशिओका आणि कोहजी ताशिरो यांनी सी. रमेश यांच्यासह नायलॉन-१०,१० आणि त्याच्यासारखे आखूड नमुना-रेणू घेऊन तापमान वाढवत नेत वर्णपट नोंदवले. सरळ नागमोडी कार्बन-साखळीच्या लांबीनुसार वर्णपटात दऱ्यांची एक माळच उमटते. ब्रिल संक्रमणाच्या सुमारास ही माळ विरळ होत जाते, म्हणजे दोन अमाइड गटांमधले सरळ तुकडे वाकडेतिकडे होऊ लागतात. नायट्रोजन-हायड्रोजनची दरी मात्र हळूहळू सरकते. हात सैल पडतात, पण एकदम सुटत नाहीत.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियात स्क्रोव्हानेक, पेंटर आणि कोलमन यांनी १९८०च्या दशकाच्या मध्याला पॉलिअमाइड तापवून एक गोष्ट दाखवली होती, ती मला सर्वांत जास्त भावली. नायलॉन पूर्ण वितळले तरी त्यातले बहुतेक हायड्रोजन बंध टिकून असतात. मोकळ्या हाताची दरी ३४५०च्या आसपास दिसते खरी, पण ती बारीकच असते. रांगा मोडतात, जागा बदलतात, तरी जो तो कोणाचा तरी हात धरून असतो.

म्हणजे वडिलांचे ‘तो गेला विरघळून’ हे उत्तर पुरते खरे नव्हते. वळून घातलेला पीळ मण्यात जातो. रेणूतला पीळ एका फटक्यात जात नाही. पॉलिप्रॉपिलीनमध्ये तोकडे वळसे राहतात, नायलॉनमध्ये हात राहतात. आणि कित्येक बहुवारिके जेमतेम वितळवून लगेच थंड केली तर पुन्हा लवकर गोठतात, जणू आधीची घडी त्यांच्या लक्षात असते. ती विसरायला त्यांना बरेच जास्त तापवावे लागते.

पाटी

नांदेडहून आल्यावर मी दुकानाची पाटी बदलली. आता दोन खण आहेत. एकावर ‘नायलॉन, पाण्यात बुडतो’ आणि दुसऱ्यावर ‘पीपी, पाण्यावर तरंगतो, उन्हात जपा’. बिलावरही तसेच लिहितो. सुरुवातीला गिऱ्हाइके गोंधळली, एकदोघे स्वस्त ‘नायलॉन’ हवा म्हणून पलीकडच्या दुकानात गेली. बोअरच्या मोटारीसाठी कोणी आले की मी दोराचे वरचे टोक जुन्या पाइपाच्या तुकड्यात घालून झाकायला सांगतो आणि दर उन्हाळ्यात ते टोक बोटाने चुरगाळून पाहायला सांगतो. त्यासाठी यंत्र लागत नाही.

त्या शेतकऱ्याकडेही गेलो. वर्णपटाच्या कागदावर १७१५चा खळगा दाखवला आणि म्हणालो, ‘भाऊ, तुम्हाला दिलेला दोर नायलॉन नव्हता. बाबांना माहीत नव्हतं. मला आता कळलं.’ त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, ‘काकांनी त्या दिशी दोराचे पैशे घेतले नव्हते, तवाच मला कळलं होतं की त्यांनला काय माहीत नव्हतं.’ चहा झाला. निघताना त्याने मोटारीसाठी दोर मागितला, या वेळी बुडणारा.

दुकानात परत येऊन मी त्याला दोर मोजून दिला आणि टोक मेणबत्तीवर धरले. चिमणी आता कोणाकडे राहिली नाही. मणी झाला, मी ओल्या बोटांनी तो दाबला. दोघेही तो टणक होईपर्यंत थांबलो.